कातळावरचे मैदान आणि माझ्या भावावरची बंदी

श्री देव भैरी प्रसन्न

लिहून ठेवणार : हेमा आत्माराम नागवेकर, वय ७८ वर्षे, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार शिरगाव, तालुका व जिल्हा रत्नागिरी.

माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी, हे मी आज कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. वेदिका यांनी आज सकाळी मला तपासले, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. सामन्याचे गुण मी आयुष्यभर तोंडी ठेवले आहेत. मला थांबवता थांबवता त्यांचीच पुरेवाट झाली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाने प्रेमाने थोडासा आणून पाहिला, तो कलम ७ मध्ये येईल.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात 'सदर' आणि 'उपरोक्त' भरपूर होते, मी मात्र कुठेच नव्हते. म्हणून कायद्याला लागतील तेवढे शब्द त्यांचे ठेवले आहेत, बाकीचे माझे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केलेले कोणी दाखवलेच तर ते रद्द समजावे.

कलम १. माझे लग्न झालेले नाही. आई-वडील हयात नाहीत. जवळचा नातेवाईक एकच, माझा धाकटा भाऊ चारुदत्त, वय ७४, राहणार गुहागर. त्याची पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. त्याला एक मुलगा सलिल, तो नोकरीनिमित्त ठाण्याला असतो, आणि सलिलला एक मुलगी, सावनी. रक्ताच्या नात्याबाहेरची, पण या मृत्युपत्रात वारंवार येणारी व्यक्ती म्हणजे माझी विद्यार्थिनी राजश्री गोताड. लग्नानंतरही ती खेळाच्या कामात माहेरचेच नाव लावते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी तिला व्यवस्थापक नेमत आहे.

कलम २. शिरगाव येथील राहते घर आणि त्यामागचे माड-पोफळीचे आगर, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, मी माझा पुतण्या नव्हे तर भाचा सलिल यास देत आहे. (वकिलांच्या मसुद्यात पुतण्या होते. मी सलिलची आत्या आहे, काकू नाही.)

हे घर वडिलांनी बांधले आणि हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. गुहागरची बाग आईच्या माहेरची, ती चारुदत्ताला मिळाली. वाटणीवरून आम्हा भावंडांत कधी एक शब्द झाला नाही. आमचा वाद जमिनीचा नव्हता, हे गावाला अजूनही पटत नाही, कारण भावंडांचा वाद जमिनीशिवाय कशाचा असतो असे गावाला माहीतच नाही.

वडील शाळेत कारकून होते. आम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी भाट्याच्या समुद्रकाठच्या वाळूत हुतूतू खेळायला जात असू. चारू लहान, त्याचा दम लवकर तुटायचा. त्याला विहिरीच्या कठड्याशी बसवून दम धरायला मी शिकवले. पुढे तो जिल्ह्यातला नावाजलेला चढाईपटू झाला, त्याच्या अंगाला कोणाचा हात लागत नसे. त्याचे सामने बघायला मी मंडपाच्या बायकांच्या बाजूला बसत असे आणि माझे पाय आपोआप हलत. एकदा घरी येऊन रडले. मुलींसाठी संघ नव्हता, स्पर्धा नव्हती. वडील पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "नाही ना? मग तू काढ."

एवढ्या चार-पाच शब्दांत त्यांनी माझ्या पुढच्या आयुष्याची सोय लावली.

सलिलला घर देताना अट घातलेली नाही. विकायचे तर त्याने विकावे. फक्त आगरातला विहिरीकडचा बुटका माड तोडण्यापूर्वी एकदा त्याचे शहाळे पिऊन बघावे.

कलम ३. आईचे शिवणाचे मशीन गंगा हिला द्यावे. गंगा आमच्या कबड्डी मंडळाच्या मुलींचे गणवेश शिवते आणि पायमशीनवर तिचा हात आईसारखाच चालतो.

हे मशीन नसते तर माझा पहिला संघ उभा राहिला नसता. मी कन्याशाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले आणि घरोघर जाऊन मुली मागू लागले. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, पोरीचं लग्न व्हायचंय. पाय मोडला तर?" मी म्हटले, "आंबे काढायला झाडावर चढवता तेव्हा मोडत नाही का?" त्यांनी मुलगी पाठवली, दिवेलागणीच्या आत घरी आणून सोडायची या बोलीवर. ती बोली मी सगळ्या मुलींसाठी पाळली.

मुली परकर खोचून खेळायच्या आणि परकरात पाय अडकून पडायच्या. मग आईने वडिलांच्या कामावरच्या जुन्या विजारी उसवून अर्ध्या चड्ड्या बेतल्या. पहिल्या जाहीर सामन्याच्या आदल्या दिवशी गावातली दोन वजनदार माणसे आमच्या ओटीवर आली. "वहिनी, पोरींना हे असले कपडे तुम्ही शिवलेत?"

आईने मशीन थांबवले नाही. म्हणाली, "होय. तुमच्या मुलीचं माप पाठवून द्या."

त्यातल्या एकाने खरोखरच पाठवले.

कलम ४. भिंतीवरच्या कपाटातील मानचिन्हे भंगारात द्यावीत. त्यांतली बहुतेक प्लास्टिकची आहेत आणि दोनांवर माझे आडनाव चुकलेले आहे. सत्काराच्या शाली धुऊन सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात द्याव्यात. नारळ मी वेळच्या वेळी खाल्ले.

हे सत्कार मी परिषदेची कार्यवाह झाले त्याबद्दलचे. सह्यसागर कबड्डी परिषद ही आमच्या भागातली मोठी संस्था. तिथे पुरुष आणि महिला अशा दोन्ही विभागांचा कारभार पाहणारी मी पहिली बाई. एका वर्तमानपत्राने तर 'देशातील पहिली' असे छापले. मी ते तपासले नाही आणि खोडूनही काढले नाही.

पहिल्या सभेला गेले तेव्हा अध्यक्ष अण्णा खेडेकर म्हणाले, "बाई, आलात ते बरं झालं. चहा सांगा सगळ्यांना." मी खाली जाऊन चहा सांगितला. वर आले, माझ्यासाठी खुर्ची नव्हती, ती बाजूच्या खोलीतून ओढत आणली आणि अण्णांच्या उजव्या हाताला लावली. म्हटले, "चहा येतोय. तोवर मागच्या सभेचं इतिवृत्त वाचते, कार्यवाहांनीच वाचायचं असतं ना?" सगळे हसले. अण्णाही हसले. त्यानंतर मला कोणी चहा सांगायला सांगितले नाही.

माझ्या कामाचे लोक पुढे फार कौतुक करू लागले, म्हणून ते काय होते ते इथे लिहिते. स्पर्धा परगावी असली की मुलींना उतरवायच्या शाळेत मी एक दिवस आधी जात असे आणि दारांच्या आतल्या कड्या तपासत असे. कडी नसेल तर बसवून घेत असे. प्रत्येक मुलींच्या संघाबरोबर एक बाई व्यवस्थापक असलीच पाहिजे, हा नियम केला. मुलांना प्रवासभत्ता मिळतो तो मुलींना मिळू लागला. बायकांना पंचाची परीक्षा देता येऊ लागली. यात क्रांती वगैरे काही नव्हती. कड्या होत्या.

कलम ५. हे कलम लिहिताना मी तीनदा उठले. राजश्रीने एकदा पाणी आणून दिले आणि म्हणाली, "बाई, नाही लिहिलं तरी चालेल." पण ते लिहिले नाही तर कलम ७ मधले मैदान कोठून आले ते कळणार नाही.

आमच्या परिषदेतला एक प्रशिक्षक मुलींना छडीने मारतो अशी तक्रार आली होती. मी ठराव मांडला : प्रशिक्षकाने कोणत्याही कारणाने खेळाडूवर हात उचलू नये, उचलल्यास त्यास प्रशिक्षक म्हणून कायमची बंदी. सभेत कुजबुज झाली. तेव्हा अनुमोदन द्यायला उभा राहिला तो चारुदत्त. खेळणे थांबवून तो आमच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक झाला होता, आणि चांगला होता. पोरी त्याच्यावर जीव टाकत. छडीवाल्याला घालवण्यात त्याचा वाटा माझ्याइतकाच होता.

पुढच्याच वर्षी, १९८३ साली, घाटावरच्या एका शहरात आमच्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या. कोकणातला मुलींचा संघ तिथवर पहिल्यांदाच गेला होता. राजश्री तेव्हा सतरा वर्षांची. हातखंब्याच्या आतल्या गावातली, शेतकरी धोंडू गोताडांची मुलगी. शेवटची चढाई तिची होती. तिने दोघींना स्पर्श केला, परत फिरली, मध्यरेषा हातभर राहिली आणि तिचा दम तुटला. पंचाने शिट्टी दिली. सामना गेला.

ती उठून आमच्या बाजूला आली ती हसत. शरमेने माणूस हसते तसे. चारुदत्ताने तिच्या कानाखाली मारली. तो आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला. आणि प्रेक्षकांतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला त्या मारण्यापेक्षा त्या टाळ्या जास्त आठवतात.

परतीच्या एसटीत राजश्री माझ्या शेजारी होती, डाव्या कानावर टॉवेल धरून. टॉवेलला रक्त होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, ह्या कानात गाज येतेय. समुद्र जवळ आला काय?"

आम्ही अजून घाटसुद्धा उतरलो नव्हतो.

कानाचा पडदा फाटला होता. पुढे तो कान चिघळला आणि त्या कानाने तिला पुन्हा ऐकू आले नाही. मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. धोंडू गोताड अंगणात दोरी वळत बसले होते. ते मलाच समजावू लागले. "बाई, मास्तरांनी मारलान तर मारलान. शिकवायसाठीच मारलान ना? ह्यावरून तुमच्या भावाभनीत वाकडा नको येवदे." आत चुलीशी राजश्री बसली होती. आम्ही तिच्या डाव्या बाजूला होतो. तिला यातले काही ऐकू गेले की नाही ते मला कळले नाही.

घरी चारू ओटीवर माझी वाट बघत होता.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"ठरावात मुद्दाम हा शब्द नाही. तू वाचून अनुमोदन दिलं होतंस."

"मी तुझा भाऊ आहे."

मी म्हटले, "म्हणूनच मला दुसरं काही करता येत नाही, चारू. परका असता तर थोडी जागा होती."

सभेत अण्णा म्हणाले, "बाई, घरातलं भांडण परिषदेत आणू नका. वर्षभर बाजूला ठेवू त्याला, मिटून जाईल." मी म्हटले, "घरात मी त्याला रोज वाढते, तिथे भांडण नाही. इथे तो प्रशिक्षक आहे आणि ठरावात कायमची असं लिहिलंय." मतदान झाले. बंदीच्या बाजूने निम्म्याहून थोडे जास्त हात वर आले. त्यांत अण्णांचाही हात होता. पुढे अण्णांनी माझे जे केले ते सांगताना लोक हे विसरतात. मी विसरू नये म्हणून लिहिले.

चारुदत्त त्याच आठवड्यात बायको आणि लहानग्या सलिलला घेऊन गुहागरला गेला. आईला मी विचारले, तुझे काय म्हणणे आहे? ती म्हणाली, "मी कोणाचीच बाजू घ्यायची नाही. मला दोघांकडे जेवायचंय." त्यानंतर ती मरेपर्यंत खाडी ओलांडून इकडून तिकडे जात राहिली. तिकडून येताना आमसुले आणायची, इकडून जाताना माझ्या हातचे लोणचे न्यायची, आणि कोणी दिले ते दोन्ही घरी बोलायची नाही. ती गेली तेव्हा आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना उभे होतो. सलिलने मधून पाणी दिले. आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

सबब माझी इच्छा अशी : चारुदत्त आत्माराम नागवेकर यांच्यावरील प्रशिक्षक म्हणून कायमची बंदी कलम ७ मधील कातळकन्या मंडळातही लागू आहे आणि माझ्या मृत्यूनंतरही लागू राहील. माझ्यावरच्या मायेपोटी, त्यांच्या वयाकडे पाहून किंवा झाले गेले म्हणून कोणत्याही विश्वस्ताने ती उठवू नये. सामने बघायला येण्यास, बाकावर बसण्यास, चहा घेण्यास त्यांना कोणतीही मनाई नाही.

कलम ६. लोखंडी ट्रंकेत निळा ब्लेझर आहे, तो सावनीला द्यावा. तिला खेळाची आवड नाही, पण ती पुण्याला शिकते आणि तिथे थंडी असते.

देशाच्या महिला संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून परदेशी जाण्यासाठी माझे नाव ठरले होते. ब्लेझर शिवून झाला होता, खिशावर बिल्लाही लागला होता. बंदीनंतर परिषदेची निवडणूक झाली, अण्णांनी माझी मते फिरवली, मी पडले, आणि कार्यवाह नाही म्हणून ते नावही गेले. माझ्या जागी गेलेल्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. अण्णा आता नाहीत. त्यांच्यावरचा राग मी बरोबर नेत नाही, इथेच सोडून जाते. कोणाला हवा असल्यास त्याने घ्यावा, व्यवस्थापकांनी हरकत घेऊ नये.

बिल्ला उसवू नये. तो लोकरीला नीट बसला आहे.

कलम ७. हातखंब्याच्या अलीकडे, महामार्गालगत असलेली कातळावरची जागा, तीवरील मैदान, शेड, मॅट, पाण्याची टाकी आणि मुलींच्या दोन खोल्यांसह, मी 'कातळकन्या महिला कबड्डी मंडळ' या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेस कायमची देत आहे.

ही जागा माझ्या पगारातून घेतलेली स्वतःची मिळकत आहे. निवडणूक हरल्यावर परिषदेचे मैदान आमच्या मुलींना मिळेनासे झाले. कधी कुलूप, कधी मुलांचा सराव, कधी माळी नाही. तेव्हा कातळाला कोणी विचारत नव्हते. नुसता जांभा दगड, गवतसुद्धा पावसापुरते. मालकाला वाटले बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, म्हणून त्याने लगेच दिली. आम्ही खालच्या गावांतून बैलगाडीने तांबडी माती आणली, मुलींनी पायांनी तुडवली, चोपण्यांनी चोपली. पावसात ती वाहून गेली. पुन्हा आणली, या वेळी कडेने रचलेल्या दगडांचा गडगा घातला. लोक हसून म्हणायचे, चला, कातळावरच्या पोरी बघू. तेच नाव आम्ही लावले.

राजश्री पुन्हा खेळली नाही. चढाईला गेले की डावीकडून कोण येतेय ते कळत नाही, म्हणाली. दोन वर्षे ती इकडे फिरकलीच नाही. मग एक दिवस मैदानावर आली आणि म्हणाली, "बाई, पंचाची परीक्षा बायकांना देता येते ना? तुम्हीच केलं होतं तसं." ती पास झाली. सामन्यात ती नेहमी उजवा कान मैदानाकडे करून उभी राहते. चढाई करणाऱ्या मुलीचा दम तुटला तर तिला तो सगळ्यांच्या आधी कळतो. गेली पंधरा वर्षे मंडळ तीच चालवते. मी नुसती खुर्चीत बसून मान हलवते.

आता सलिलबद्दल. मागच्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा तो रजा काढून आला आणि रुग्णालयात माझ्या उशाशी बसून राहिला. माझी वेणीसुद्धा त्याने घातली, वाईट घातली. तो लोभी नाही. पण रस्ता चौपदरी झाल्यापासून त्याच्या डोक्यात हॉटेल आहे.

"आत्या, समोरून मुंबई-गोवा जातोय. त्या जागेवर हॉटेल काढलं तर तुझ्याच मुलींना नोकऱ्या मिळतील."

"कसल्या? ताटं उचलायच्या?"

"असं काय गो आत्या! काउंटरवरच्याही मिळतील."

"आणि खेळतील कुठे?"

"मैदान काय, मागे कुठेही होईल."

त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही, दमले होते. आता देते. सलिल, मागे कुठेही होईल, हेच मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितले. मुलींचे मैदान मागे, मुलींची खोली मागे, मुलींचा सामना आधी उरकून घ्या, म्हणजे मुख्य सामन्याला वेळ मिळेल. एक जागा रस्त्यावर असू दे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतल्या मुलींना खिडकीतून दिसू दे. तू हिशेबात चुकत नाहीस, आणि मीही भावनेच्या भरात नाही. आपल्याला वेगवेगळ्या गोष्टी हव्या आहेत आणि जागा माझी आहे.

मंडळाने ही जागा विकू नये, गहाण ठेवू नये, लग्नाच्या मांडवाला भाड्याने देऊ नये. शिमग्यात पालखी आली तर जरूर नाचवावी. फाटकावर माझे नाव, फोटो, पुतळा काही नको. विश्वस्तांत निम्म्याहून अधिक बायका असाव्यात आणि त्या खेळलेल्या असाव्यात. खोल्यांच्या कड्या दरवर्षी पावसाळ्यानंतर बघाव्यात, लोखंड इथे टिकत नाही. आणि मुलींवर हात उचलणारा, मग तो कितीही पदके आणून देणारा असो, त्याच दिवशी बाहेर.

कलम ८. बँकेतील शिल्लक आणि पेन्शनची थकबाकी निघाल्यास ती मंडळाला, मुलींच्या दुखापतींच्या उपचारासाठी. मुलगी संघात असो वा नसो. संघाबाहेर गेलेल्या मुलीची दुखापत कोणी विचारत नाही, तिला आधी विचारावे. माझ्या चार बांगड्या राजश्रीला. ती घालणार नाही हे माहीत आहे, तरी तिलाच.

कलम ९. अग्नी कोणी द्यावा याचा माझा हट्ट नाही. जो वेळेवर पोचेल त्याने द्यावा. दिवसकार्य थोडक्यात करावे. त्या दिवशी सराव बंद ठेवावा. मोठ्या माणसांच्या बाबतीत 'सराव चालूच ठेवा' असे सांगायची पद्धत आहे, पण मी मुलींना फार कमी सुट्ट्या दिल्या. एक माझ्याकडून घ्यावी.

कलम १०. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले. पहिल्या साक्षीदार डॉ. वेदिका. दुसरे शेजारचे सुभाष शेट्ये ठरले होते. ते बदलले, त्याचे कारण असे.

गेल्या मे महिन्यात चारुदत्त जयगडच्या फेरीबोटीने अलीकडे आला आणि एसटीने थेट हातखंब्याला उतरला. मला कळवले नव्हते. मी शेडमध्ये खुर्चीत होते. तो फाटकातून आत येताना मी त्याला चालीवरून ओळखले. राजश्री मुलींकडे तोंड करून उभी होती. तो तिच्या मागून डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलू लागला. बराच वेळ बोलला. राजश्री हललीसुद्धा नाही. मग एका मुलीने बोट दाखवले तशी ती वळली आणि म्हणाली, "सर, ह्या बाजूने नाही ऐकू येत मला."

तो तिथेच उभा राहिला. मला वाटले आता फाटकाकडे वळेल. तो सावकाश तिच्या पुढून फिरून उजव्या बाजूला गेला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही. राजश्रीला मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बोलले. ह्या वेळी मी ऐकलं."

नंतर तो माझ्याजवळ येऊन बाकावर बसला. बेचाळीस वर्षांनी. त्याचे केस पिकलेत हे मला सलिलकडच्या फोटोंतून माहीत होते, पण बसताना बाकाची कड धरावी लागते हे माहीत नव्हते.

"ताई, बंदी उठवशील?"

"नाही."

त्याने मान हलवली. समोर मुली दम धरायचा सराव करत होत्या, ते बघत बसला. मग म्हणाला, "चहा तरी देशील?"

तेव्हापासून तो महिन्यातून एकदा येतो. बाकावर बसतो. एखादी मुलगी चुकली की त्याचे तोंड उघडते आणि तो ते मिटतो. हे मी बघते आणि बघितले नाही असे दाखवते.

काल त्याला या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा ओटीवर बसून वाचून दाखवला. त्याने मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी म्हणाला, "मला काहीच ठेवलेलं नाहीस."

"नाही. ठेवायला हवं होतं?"

"नको. मग मी साक्षीदार होऊ शकतो ना?"

मी खर्डा मिटला. तो म्हणाला, "सलिलचा हॉटेलचा नाद तुझ्या चार ओळींनी सुटायचा नाही. तुझ्यामागे कोणीतरी त्याला कोर्टात जायला सांगेल. बापाची सही बघितली की तो जाणार नाही. मी ओळखतो त्याला."

"पाचवं कलम ऐकलंस ना नीट?"

"दोन्ही कानांनी," तो म्हणाला, आणि मग काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आले. मी त्याच्यापुढे चहा सरकवला.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली; त्यांनी माझ्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण : शिरगाव, रत्नागिरी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही) हेमा आत्माराम नागवेकर

साक्षीदार

१. (सही) डॉ. वेदिका पाटणकर, मारुती मंदिर, रत्नागिरी. लिहून ठेवणार यांना आज तपासले. त्या पूर्ण भानावर आहेत व आपण काय लिहिले आहे हे त्यांना चांगले समजते.

२. (सही) चारुदत्त आत्माराम नागवेकर, बागायतदार, गुहागर. लिहून ठेवणार यांचा भाऊ. सर्व कलमे ऐकली. कलम ५ योग्य आहे. ते बदलू नये.